दुसऱ्या भागात न चालणारे बटण

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. पडद्यावरचे खेळ खेळताना दोन्ही हातांत धरतात, तो. कृपा करून मला रिमोट म्हणू नका. रिमोट नुसता लांबून हुकूम सोडतो. मी हातात असतो, आणि पडद्यावरचे माणूस आपटले की त्याचा धक्का मलाही बसतो. माझ्या पोटात दोन छोट्या मोटरी आहेत. त्या फिरल्या की मी थरथरतो. माझी वायर शाबूत आहे, अंगठ्याने ढकलायच्या दोन्ही खुंट्या अजून सरळ उभ्या आहेत आणि एक सोडून सगळी बटणे ठणठणीत आहेत. ते एक, ज्यावर चौकोनाची खूण होती, झिजून गुळगुळीत झाले आहे. ते कसे झिजले तेवढेच मला सांगायचे आहे. बाकी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझे प्रत्येक बटण तीन-तीनदा दाबून पाहिले आणि मान डोलावून मला खोक्यात बंद केले. तिचा चेहरा मी पाहिलाच नाही, फक्त अंगठा ओळखतो. मग बोट, मालगाडी, ट्रक असे करत मी फिनलंडच्या कायानी गावात आलो. तिथे एका बंद पडलेल्या दूध-डेअरीच्या वरच्या मजल्यावर पाच माणसे मिळून खेळ बनवत होती. दारातच बूट काढायचे आणि लोकरी मोज्यांनी आत वावरायचे, अशी तिथली रीत होती. माझ्या पाठीवर त्यांनी पिवळी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सातचा आकडा लिहिला. तेव्हापासून मी ‘सात नंबर’ झालो.

माझे काम होते पाहुण्यांच्या हातात जायचे. खेळ अर्धामुर्धा तयार झाला की ही माणसे बाहेरच्या कुणाला तरी बोलावत. कधी शेजारचा बेकरीवाला, कधी वाचनालयातल्या बाई. पाहुण्याने खेळायचे आणि खेळ बनवणाऱ्याने मागे स्टुलावर बसून फक्त पाहायचे. पाहुणा अडला, चुकला, चारदा बुडून मेला, तरी मागच्याने मूग गिळून बसायचे. जो बोलेल त्याने आठवडाभर सगळ्यांचे कॉफीचे कप धुवायचे, असा नियम भिंतीवर लिहून लावला होता. कारण साधे होते. खेळ एकदा लोकांच्या घरी गेला की समजावून सांगायला मागे कुणी बसलेले नसते.

आता या लोकांची एक गंमत सांगतो. पाहुण्याला शेवटी विचारले, ‘कसा वाटला?’ की तो ठरलेले उत्तर देई, ‘बरा आहे.’ आवडला तरी बरा आहे, नाही आवडला तरी बराच आहे. कुणाच्या तोंडावर वाईट बोलायचे नाही आणि चांगले बोलायचे म्हणजे तर फारच झाले, असा तो मुलूख. त्यामुळे खरे काय ते एकट्या मला कळे. तळहाताला घाम आला, बोटे आवळली गेली, की समजायचे गोष्ट पोहोचली. पण मला कोण विचारतो?

खेळाची गोष्ट लिहिणारी बाई होती हिल्का. वय त्रेपन्न, केस आखूड, बोलणे कमी. तरीसुद्धा कप सर्वांत जास्त तिनेच धुतले, कारण पाहुणा अडला की तिला राहवत नसे. तिचा खेळ एका गोठलेल्या सरोवराचा होता. त्यात इन्केरी नावाची बारा वर्षांची मुलगी होती. दुसऱ्या भागात इन्केरी आणि तिचा धाकटा भाऊ बर्फावरून चालत जातात, पातळ बर्फ फुटतो आणि भाऊ बुडतो. पुढे सगळे भाग इन्केरी एकटीच त्या सरोवरावर हिंडते.

चौथ्या भागात तिला एक नवी शक्ती मिळायची. बर्फात पडली तरी ती स्वतःच्या बळावर वर येऊ शकेल, अशी. आणि ती मिळायची कशी, तर सरोवराच्या तळाशी एक पेटी असे. ती निळ्या प्रकाशाने उजळे, पडद्यावर अक्षरे उमटत: ‘आता तू बर्फातून वर येऊ शकतेस. चौकोन दाब.’ झाले. शक्ती आली.

पाहुणे चौकोन दाबत. सांगितले म्हणून एकदा दाबत आणि विसरून जात. पुढे सहाव्या भागात खरोखर बर्फ फुटला की त्यांची बोटे बाकी सगळ्या बटणांवर धावत, चौकोनावर कधीच नाही. इन्केरी बुडे. पुन्हा बुडे. त्यांचे हात तेव्हा अगदी कोरडे असत. बुडणाऱ्या पोरीबद्दल त्यांना काही वाटतच नव्हते.

ओस्मो हा त्या पाच जणांचा मुख्य. खेळाचे यंत्र चालवणारी सगळी गणिते तोच मांडायचा. माणूस वाईट नव्हता, पण गोष्टीपेक्षा बाणांवर त्याचा विश्वास जास्त. त्याने अक्षरे मोठी केली. मग अक्षरांना बाण लावला. मग बाण लुकलुकता केला. तेही चालेना तेव्हा त्याने एक बोलणारे घुबड बसवले. ते इन्केरीला शक्तीची माहिती सविस्तर सांगे. घुबड बोलायला लागले की पाहुणे त्याला गप्प करण्यासाठी हाताला येईल ते बटण दाबत सुटत. त्या घुबडापायी मी जेवढे धपाटे खाल्ले, तेवढे आयुष्यात कधी खाल्ले नाहीत.

फेब्रुवारीत ओस्मोने हिल्काला समोर बसवून सांगितले की मे महिन्यात गावाजवळच्या सरोवराचा बर्फ विरघळेपर्यंत हे जमले नाही, तर तो भावाचा भागच काढून टाकणार. म्हणजे मग इन्केरी पहिल्यापासूनच बर्फातून वर येऊ शकेल आणि कुणी ‘कुठून आली ही शक्ती’ असे विचारणार नाही. हिल्काच्या हातात त्या वेळी मी होतो. तिने मला असे घट्ट धरले होते की माझ्या अंगाचा कडकन आवाज झाला.

का, ते मला पुढे कळले. हिल्काला खरोखरचा एक भाऊ होता, वेइको. तो नऊ वर्षांचा असताना बर्फ फुटून बुडाला. तिच्या घरात त्यानंतर एकेचाळीस वर्षे त्याचे नाव कुणी काढले नव्हते. या खेळातला तो दुसरा भाग एवढीच काय ती वेइकोला जगात उरलेली जागा होती. ती जागा वाचवायची तर चौथा भाग पटायला हवा होता.

मार्चमध्ये पाहुणे मिळेनासे झाले. गाव लहान, जेवढे यायचे तेवढे येऊन गेले होते. तेवढ्यात हिल्काचे वडील आर्वो चष्मा बदलायला गावात आले. ऐंशी वर्षांचे, तासाभराच्या बसच्या वाटेवर सरोवराकाठी एकटेच राहणारे. जन्मभर त्यांनी लाकडी होड्या बांधल्या. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणतो. हिल्काने त्यांना आणून माझ्यासमोर बसवले. खेळ कशाबद्दल आहे ते सांगितले नाही. सांगायचे नाही असा नियमच होता, आणि खरे तर नियम नसता तरी तिच्याने सांगवले नसते.

आजोबांनी आधी मला उलटे धरले. त्यांच्या उजव्या करंगळीचे पेर नव्हते आणि तळहात रंधा न मारलेल्या फळीइतके खरखरीत. पण शिकले ते. होडी बांधणाऱ्याला हत्यार कसे धरायचे ते सांगावे लागत नाही. पहिला भाग त्यांनी सावकाश पार केला. दुसऱ्या भागात बर्फ फुटला, मी थरथरलो, पोरगा बुडाला, पडदा पांढरा झाला. आजोबांचे हात क्षणभर बर्फासारखे गार पडले. पण त्यांनी मला खाली ठेवले नाही. ते पुढे खेळत राहिले. मागे स्टुलावर हिल्का श्वास रोखून बसली होती.

चौथ्या भागात पेटी उजळली. अक्षरे आली, बाण लुकलुकला, घुबडाने प्रवचन सुरू केले. आजोबांनी बटण दाबले नाही. मला गुडघ्यावर ठेवून ते कितीतरी वेळ त्या पेटीकडे बघत राहिले.

“ही हिला आत्ता मिळाली?” त्यांनी विचारले.

मागून उत्तर येणार नव्हते.

“म्हणजे पोरगं बुडालं तेव्हाही ही तिथंच पडलेली होती. त्याच पाण्यात,” आजोबा म्हणाले. “असं कुणी दाखवतं का?”

ओस्मो कोपऱ्यात उभा होता. त्याच्या हातातला कप तसाच राहिला. चार महिन्यांत एकाही पाहुण्याने हे म्हटले नव्हते. मग आजोबा उठले, कोट चढवला, टोपी घातली, आणि दारात बूट घालताना मान वर न करता हिल्काला म्हणाले, “तू काय अशी शिकली नाहीस.”

ते बसला निघून गेले. हिल्का एक अक्षर बोलली नव्हती, तरी तिने त्या दिवशी सगळे कप धुतले.

कप धुता धुताच तिने ओस्मोला वेइको बुडाला त्या दिवसाचे सांगितले. मी टेबलावर होतो, म्हणून मलाही ऐकू आले. त्या दिवशी वडील सरोवराच्या एका खाडीपलीकडे बर्फाला भोक पाडून मासे धरत बसले होते. हिल्का आणि वेइको त्यांना कॉफीचा थर्मास द्यायला निघाले. पोरे येतील हे वडिलांच्या ध्यानीमनी नव्हते. वेइको पुढे पळाला. खाडीच्या अरुंद तोंडाशी खालून प्रवाह वाहतो आणि बर्फ पातळ राहतो. तिथे तो गेला. वडील धावत आले तोवर उशीर झाला होता. त्यांच्या गळ्यात टोचे होते. दोन लाकडी मुठी, प्रत्येकीला एक पोलादी खिळा, मध्ये दोरी. तिकडे बर्फावर जाणारा माणूस ते गळ्यात घालूनच जातो. पाण्यात पडलाच तर एक एक टोचा बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचे. पोरांच्या गळ्यात टोचे नव्हते. ती घराबाहेर खेळायला गेली आहेत, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते.

त्यानंतर वडिलांनी एका शब्दानेही काही न बोलता दोन मुठी तासल्या, खिळे ठोकले आणि हिल्काच्या गळ्यात ते टोचे अडकवले. एप्रिल लागताच होड्यांच्या धक्क्याजवळ बर्फाला मोठे भोक पाडले, तिच्या कमरेला दोर बांधला आणि तिला त्या पाण्यात उतरवले. वर ये म्हणाले. ती घसरली. दोराने ओढून काढले, घोंगडीत गुंडाळले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवले. स्वतःची स्वतः वर आली तोवर त्यांनी तिला सोडले नाही. बारा वर्षांच्या हिल्काला वाटले ही शिक्षा आहे. भावाला मागे टाकून एकटी परत आल्याची.

“म्हणून मी ती पेटी घातली,” हिल्का म्हणाली. “ते मला दाखवायचंच नव्हतं.”

ओस्मोने डोके खाजवले. मग म्हणाला, “अगं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेच घाल. दोर, भोक, सगळं. आणि माझ्या त्या घुबडाला घे काढून.”

मित्रांनो, पुढचे दोन महिने मी जे पाहिले ते तुम्हाला नीट सांगतो, कारण तुमच्यातले कुणी उद्या खेळ बनवेल. हिल्काने शक्तीला आधी हातच लावला नाही. ती चौथ्या भागातून उलटी मागे गेली. पहिल्याच दृश्यात तिने इन्केरीच्या वडिलांच्या गळ्यात टोचे घातले. ते चालताना कोटावर आपटून लाकडाचा टक टक आवाज करत, एवढेच. कुणी त्यांच्याबद्दल बोलत नसे. मग तिने चौकोनाचे बटण पहिल्यापासून जिवंत केले, पण रिकामे. पहिल्या आणि दुसऱ्या भागात ते दाबले की इन्केरीचा हात नुसता स्वतःच्या गळ्याशी जाई आणि तिथे काही नाही म्हणून खाली येई. पाहुण्यांना वाटे, हे कशासाठी? दुसऱ्या भागात भाऊ बुडाला की त्यांना ते कळे. कळून काही उपयोग नसे.

तिसऱ्या भागात बाप अंगणात बसून लाकूड तासतो. चौथ्यात दोर. तिथे चौकोन एकदा दाबून काही होत नसे. एक टोचा, मग दुसरा, मग पहिला, अशा लयीत दाबावे लागे. घाई केली की बर्फाची कड तुटे, उशीर केला की हात सुटे. मला हिल्काने तिथे अशा तऱ्हेने थरथरायला लावले की खेळणाऱ्याची मनगटे भरून येत. चार-पाच वेळा घसरल्यावर इन्केरी पोटावर सरपटत वर येई. पडद्यावर एक अक्षर उमटत नसे. आणि वर आल्यावर बाप तिच्या अंगावर आपला कोट टाकी आणि पाठ फिरवून सरोवराकडे तोंड करून उभा राही. त्याचे खांदे हलत असत. हे शेवटचे हिल्काने सर्वांत उशिरा घातले. बारा वर्षांची असताना तिने ते पाहिले होते, पण ते काय होते हे तिला आत्ता कळत होते.

पुढच्या वेळी मोठ्या मुश्किलीने मिळालेल्या परिचारिकाबाईंचे तळहात मला अजून आठवतात. ओलेचिंब झाले होते. सहाव्या भागात बर्फ फुटला तेव्हा त्यांचा अंगठा आपोआप चौकोनावर गेला, जणू लहानपणीच कुणी शिकवले होते. खेळ संपल्यावर त्या म्हणाल्या, “बरा आहे.” आणि बूट घालायला दारात बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. शक्तीची ही अशी गोष्ट असते. आधी तिच्यावाचून काहीतरी हातचे जावे लागते. ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात दिसावी लागते. मग ती शिकताना हात दुखले, तर ती आपली. नुसती पदरात पडलेली शक्ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

बर्फ विरघळला. भावाचा भाग राहिला. घुबडही पुरते गेले नाही. ओस्मोचा जीव तुटला म्हणून ते पाचव्या भागात एका झाडावर तोंड मिटून बसलेले आहे. नीट पाहिलेत तर दिसेल.

खेळ लोकांच्या घरी गेला. कौतुक झाले, कुणी पत्रे लिहिली, डेअरीत वेलदोडा घातलेले गोड पाव आणून सगळ्यांनी खाल्ले. मला कुणी काही म्हटले नाही. त्याच महिन्यात बिनवायरचे नवे कंट्रोलर आले. गरज सरली, वैद्य मेला. माझी वायर माझ्याच गळ्याभोवती आवळून मला जिन्याखालच्या खोक्यात टाकले. मी कुणाला दोष देत नाही. पण अंधारात पडून राहायला मला आवडले, असेही म्हणणार नाही.

शरदात हिल्काने मला शोधून काढले. “सात नंबर कुठंय? बाबांना त्याचीच सवय आहे,” असे ती ओस्मोला म्हणाली, आणि माझी छाती फुगली. तिने मला आणि खेळ चालवायचे एक जुने यंत्र आजोबांच्या घरी नेले, टीव्हीला जोडले आणि कोणते बटण आधी दाबायचे ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवले. पूर्ण खेळ आहे, शेवटपर्यंत बघा, असे तिने सांगितले. चौथ्या भागाविषयी मुद्दाम काही बोलली नाही. पण तिला जे वडिलांशी कधी बोलता आले नव्हते, ते सगळे त्या चौथ्या भागात होते. ते पोहोचले की नाही, यावर तिचा जीव टांगणीला लागला होता.

पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा तिने विचारले, “बघितलात का?”

“बघितला,” आजोबा म्हणाले.

“कसा वाटला?”

“बरा आहे.”

हिल्काने मान हलवली. खिडकीपाशी जाऊन ती बराच वेळ सरोवराकडे बघत राहिली आणि चारच्या बसने निघून गेली. त्यानंतर ती दर महिन्याला यायची, घर झाडायची, सूप करून ठेवायची. खेळाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते. आजोबांनी चौथा भाग पाहिलाच नव्हता.

ते रोज सकाळी कॉफी झाली की राईच्या पावाचे तुकडे झटकून माझ्यासमोर बसत. भिंतीवरच्या कागदाकडे बघून दुसरा भाग लावत. बर्फावरून दोन पोरे चालू लागत. खाडीच्या तोंडाशी आली की आजोबांचा अंगठा चौकोनावर जाई. तेवढे एक बटण त्यांना डेअरीतल्या त्या दिवसापासून ठाऊक होते. बर्फ फुटे. ते चौकोन दाबत. इन्केरीचा हात रिकाम्या गळ्याशी जाई आणि खाली येई. ते पुन्हा दाबत. पुन्हा, पुन्हा. पडदा पांढरा होई. मग ते मागे जाऊन दुसरा भाग पहिल्यापासून लावत.

मित्रांनो, त्या हिवाळ्याएवढा एकटा मी खोक्यातही नव्हतो. घरात आम्ही दोघेच. घड्याळ टिकटिकायचे, बाहेर बर्फ पडायचा, आणि हा म्हातारा माझ्याकडे रोज एकच गोष्ट मागायचा. माझ्यापाशी ती नव्हती. मी फक्त थरथरू शकत होतो, तेही मला सांगितले जाईल तेवढेच. माझ्यावरचा चौकोन आधी पुसट झाला, मग निघून गेला, मग बटणाच्या खालचे रबर बसले. रोजचेच आहे, असे मानून मी दाबून घेत होतो.

मार्चमध्ये हिल्का आली तेव्हा आजोबांनी मला तिच्या हातात दिले.

“याचं एक बटण बिघडलंय. ओस्मोला सांग, बघता आलं तर बघ म्हणावं.”

हिल्काने अंगठा फिरवला आणि तिला लगेच कळले कोणते ते. आधी तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. तिला वाटले, वडिलांनी चौथा भाग किती वेळा खेळला असेल. तिने यंत्र लावले. कोणता भाग किती वेळा खेळला त्याची नोंद आमच्या खेळात राहते. पहिला भाग, एकदा. दुसरा भाग, तीनशे एकेचाळीस वेळा. तिसऱ्यासमोर काही नव्हते. चौथ्यासमोरही नाही.

तिने मला परत वडिलांच्या हातात दिले, “चालतोय का बघा अजून,” एवढेच म्हणाली, आणि सवयीने स्टूल ओढून त्यांच्या मागे बसली. आजोबांनी दुसरा भाग लावला. पोरे चालू लागली. खाडीचे तोंड आले. बर्फ फुटला. आजोबा झिजलेले बटण दाबू लागले. इन्केरीचा हात गळ्याशी गेला आणि खाली आला. पडदा पांढरा झाला तरी आजोबा बटण दाबतच होते.

“बाबा,” हिल्का म्हणाली, “तेव्हा ते बटण नव्हतं.”

आजोबांनी मागे पाहिले नाही. “माझ्या गळ्यात होतं,” ते म्हणाले.

“तुमच्या गळ्यात होतं. पण तुम्ही पलीकडे होतात. आम्ही येतोय हे तुम्हाला माहीतच नव्हतं.”

“तुमच्यासाठी टोचे आधीच करून ठेवायला हवे होते. अर्ध्या दिवसाचं काम. पोरगं गेल्यावर केले.” त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. “बैल गेला नि झोपा केला.”

“माझ्यासाठी केलेत ना? मी आहे अजून,” हिल्का म्हणाली. “पुढे चला, बाबा. पुढचं तुम्हीच शिकवलेलं आहे.”

तिने स्टूल पुढे सरकवून त्यांच्या शेजारी घेतले. तिसरा भाग झाला. चौथ्यात होड्यांचा धक्का आला, भोक आले, दोर आला. आजोबा तो दोर पाहताच थबकले. माझ्या बटणात आता जोर नव्हता. इन्केरी घसरू लागली. तेव्हा हिल्काने त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. एक टोचा, मग दुसरा, मग पहिला. दोघांनी मिळून दाबल्यावर मी जेमतेम कामाला आलो. इन्केरी सरपटत वर आली. बापाने तिच्या अंगावर कोट टाकला आणि पाठ फिरवली. त्याचे खांदे हलू लागले.

“तेव्हा मला वाटायचं, तुम्ही मला शिक्षा करताय,” हिल्का म्हणाली.

आजोबा पडद्यावरच्या त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत होते. “शिक्षा कसली,” ते म्हणाले. “भीती वाटत होती मला. एकच उरली होतीस.”

मग हिल्का नाक पुसत म्हणाली की खेळणाऱ्याच्या मागे बसून ती बोलली, म्हणजे नियम मोडला, आता कप तिलाच धुवावे लागणार. दोनच कप होते. ते तिने धुतले आणि आजोबांनी पुसले. चारची बस मात्र तिने त्या दिवशी सोडून दिली.

ओस्मोला कळले तेव्हा तो म्हणाला की नवे रबर घालून देतो. आजोबांनी नको म्हणून सांगितले. मी आता त्यांच्या खिडकीत असतो, कॉफीच्या डब्याशेजारी. हिल्का पूर्वीसारखीच महिन्यातून एकदा येते, त्यामुळे बाकीचे दिवस आम्ही दोघेच. आजोबा दुसरा भाग अजूनही लावतात कधी कधी. बर्फ फुटला की चौकोनही दाबतात, एकदाच. मग पुढे जातात.

माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. खेळून झाले की माझ्यासारख्याची वायर फार आवळून गुंडाळू नका, आतली तार तुटते. आणि कुणाच्या गळ्यात जे घालायचे असेल ते त्याला आधी घाला. कशासाठी घातले, तेही त्याच दिवशी सांगा.